गोड आवाजातला राग

तिचा राग तुम्ही ऐकला असता तर म्हणाला असतात, ही कुणाला तरी झोपवतेय.

कतारमध्ये मेसईदला आमच्या कंपनीच्या दवाखान्यात ती फिलिपिन्सची नर्स होती आणि मी औषधं देणारा. फिलिपिनो सगळे एकच भाषा बोलतात, अशी माझी समजूत. ती हसायची. “कुया, जितकी बेटं तितक्या बोली! तगालोग चारचौघांत. घरी मी हिलिगायनोन.” कुया म्हणजे दादा. त्या हिलिगायनोनचा हेल असा, की प्रत्येक वाक्य शेवटी लाडात यायचं. इंग्रजी बोलतानाही तो सुटत नसे. म्हणून पेशंटला दटावून झालं, की तिला वर सांगावं लागे, “मी रागावलेय हं!”

त्यात त्यांच्याच समार बेटावरचा एक रिगर, क्रेनला जड सामान बांधणारा, पायाला जखम करून घेऊन आला. त्याची भाषा वाराय. मीठ मागितलं तरी भांडण वाटावं अशी. तो आईला फोन करू लागला, की बाकावरची माणसं उठून उभी राहत. तिला त्यातलं अर्धंमुर्धं कळे. “बसा, बसा. जेवलीस का, विचारतोय.”

एकदा ड्रेसिंग चुकवलं म्हणून तिने त्याला चांगलं झापलं. हा खुश! जखम भरली तरी यायचा.

शेवटी एक दिवस फाटकाजवळ त्याने तिला आपल्या भाषेत मागणी घातली. वॉचमन धावत आला. “थांबा हो,” ती म्हणाली, “लग्नाचं विचारतोय.” मग हिलिगायनोनमध्ये तिने त्याला फैलावर घेतलं, इतक्या लोकांत विचारतात का म्हणून. त्याला तो होकारच वाटला. त्याने तिथूनच आईला फोन लावला.

ती माझ्या खिडकीशी आली. “कुया, आता काय करू?”

“नको असेल तर नाही म्हण.”

“माझं ‘नाही’ त्याला ‘नाही’ वाटेल?”

“मी सांगतो. सांगू?”

ती बराच वेळ कापसाच्या बरणीचं झाकण फिरवत राहिली. “नको,” म्हणाली. “राहू दे.”

गेल्या वर्षी नवराबायको कायमची त्याच्या गावी निघाली. विमानतळावर तिने माझ्या बायकोला मिठी मारली. “पालांग्गा!”

“पलंग?” बायको माझ्याकडे बघू लागली.

“जिवाभावाची, असं म्हणतेय.”

रत्नागिरीहून आलेली कोकमाची पिशवी बायकोने तिच्या हातात कोंबली. “सांभाळून जा गो बाय.”

काचेच्या दारापलीकडे तो पिशवीत नाक खुपसून वास घेत होता. ती हात हलवत त्याला काहीतरी सांगत होती. आवाज काही आमच्यापर्यंत आला नाही.