डॉक्टर लिथगो यांची नाडी

आमचे डॉक्टर अँब्रोज लिथगो म्हणजे नॉरिचच्या एका बूटविक्याचे चिरंजीव. सातव्या वर्षी त्यांनी काचेचा मणी गिळला आणि तो बाहेर कधी येतो याची वेळ वहीत लिहून ठेवली. तेव्हापासून शरीराच्या कामकाजाचं जे वेड लागलं ते लागलंच. केंब्रिजला शिकवू लागले तेव्हा माझ्याकडे वरच्या खोलीत भाड्याने आले. मी विधवा, तापट, भाडेकरूंचे लाड न करणारी. आणि हा माणूस जेवण झालं की डोक्यावर उभा राहून मटण कुठवर पोचलं ते तपासायचा. घामावरच्या संशोधनाला त्यांना पदक मिळालं. तो घाम माझ्या चादरींनी टिपला होता, याचा त्यात कुठे उल्लेख नाही.

नव्या राजाच्या राज्यारोहणाच्या वर्षी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांना लग्न करावंसं वाटलं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याची बहीण, मिस पास्क, त्यांनी मनाशी ठरवली होती. मागणी घालताना नाडी किती पळते, यावर निबंधही लिहायचा होता.

गुरुवारी मी चहाबरोबरच्या स्कोनचं, म्हणजे छोट्या गोडसर पावांचं, पीठ मळत होते. डॉक्टर आले, माझ्या ठेवणीतल्या टेबलक्लॉथवर नाडीची रेघ उमटवणारा, काजळी फासलेल्या कागदाचा फिरता ढोल ठेवला, स्वतःच्या मनगटाला नाडीचा पट्टा बांधला.

“मिसेस टफनेल, माझ्याशी लग्न कराल?”

खरं सांगते, सहा वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होते.

“करीन की,” मी म्हटलं.

“छान. हे तुलनेसाठी होतं. एकच आकडा असला तर लोक विश्वास ठेवत नाहीत. खरा प्रश्न रविवारी, मिस पास्कना.”

“आणि माझं ‘करीन’ कुठे लिहिणार?”

ते गोंधळले. “उत्तराला मी रकानाच ठेवला नाही.”

मी पिठात तोंड घालून रडले, आणि तीन दिवस त्यांना करपलेला टोस्ट दिला. त्यांनी करपण्याची नोंद केली.

रविवारी ढोल काखोटीला मारून गेले आणि चहाच्या वेळेआधीच परत.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“विचार करते म्हणाल्या. ते जाऊ द्या. नाडी बहात्तर. नुसता बसलेला असतो तेवढीच. तुमच्या वेळी एकशे अठरा होती. मी त्यांची माफी मागून आलो. आकडे स्पष्ट आहेत, मिसेस टफनेल. आपण लग्न करायला हवं.”

माझं डोकंच सणकलं. “मग करा आकड्यांशी लग्न. काजळीवरची रेघ बघून लग्न करणारा नवरा मला नको. तो पट्टा सोडा, ढोल अंगणात ठेवा, मग विचारा. नाहीतर शनिवारपर्यंत खोली रिकामी करा.”

बोलून गेले खरी, पण ते खरंच खोली सोडतील याची धास्ती होतीच.

ते ढोल बाहेर ठेवून आले. पट्टा सोडायला बराच वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, पण वाक्य निम्म्यातच सोडलं. उरलेलं मी समजून घेतलं.

एकतीस वर्षं संसार झाला. निबंधही छापून आला. त्यात मी ‘स्त्री, वय अडतीस, तुलनेसाठी’ अशी आहे. परवा सहज विचारलं, “तुम्ही मला दुसऱ्यांदा विचारलंत, तेव्हा नाडी किती होती हो?”

डॉक्टरांनी चष्मा काढला.

“मोजायचं राहूनच गेलं,” ते म्हणाले.