प्रमोदिनीबाईंची सिडनी

माणूस सिडनीला गेला म्हटल्यावर त्याच्या घरात दिवा दिसता कामा नये, एवढी अक्कल डॉक्टर शशिधर टिकेकरांना होती. म्हणून त्यांनी पुढच्या खोलीचे पडदे ओढून घेतले, जाण्यायेण्यासाठी मागच्या गल्लीचं दार वापरायचं ठरवलं आणि घरच्या फोनवर किटलीची लोकरी टोपी घातली. फोनवर टोपी कशाला, तर चुकून हात जाऊ नये म्हणून. चौतीस वर्षं कार्डिफच्या हॉस्पिटलात माणसांना भूल देऊन पुन्हा शुद्धीवर आणणारा हा सहासष्ट वर्षांचा सभ्य गृहस्थ, २००७ सालच्या ऑक्टोबरात स्वतःच्याच घरात लपून राहत होता.

सिडनी खरं तर प्रमोदिनीबाईंची. बाईंना प्रवासापेक्षा प्रवासाची वही प्यारी. एखाद्या गावाला जायचं ठरलं की दोनशे पानी वही निघायची आणि मग कुठली बस, कुठे बसून डबा खायचा, कुठे नवऱ्याला चालवणार नाही, सगळं त्यात उतरायचं. सिडनीची वही त्यांनी जानेवारीत पुरी केली. अकरा दिवसांचे अकरा भाग, दर भागावर तारीख आणि शेजारी तिथी. शशिधरराव चिडवायचे, "अगं, तिथल्या लोकांनाही एवढी माहिती नसेल." बाई म्हणायच्या, "नसू दे. तुम्ही माझ्या मागून या म्हणजे झालं."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी शशिधरराव सातला उठले. बाई कुशीवर झोपलेल्या होत्या. रोज सहाला उठणारी बायको, आज झोपलीय तर झोपू दे बिचारीला, असं म्हणून ते पाऊल न वाजवता खाली गेले. जन्मात पहिल्यांदा न सांगता दोन कप चहा केला. मग चहा निवतोय हे दिसत असूनही पेपर वाचत बसले, तासभर. नंतर नवा चहा करून वर नेला आणि हाताला हात लावल्याबरोबर त्यांना सगळं कळलं. त्यांना नाही कळणार तर कोणाला?

बाई झोपेतच गेल्या, असं सगळ्यांना सांगितलं गेलं आणि ते खरंच होतं. त्या तासाबद्दल मात्र शशिधररावांनी कोणापाशी तोंड उघडलं नाही. हजारो परक्या माणसांना हाका मारमारून जागं केलं आणि बायकोला तेवढं झोपू दिलं, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

त्यानंतर ते घर बिघडलं. सकाळी सातला खाली चहा उकळत असला की वरच्या खोलीत पलंग करकरायचा आणि बाईंची नेहमीची खोकल्याची ढास ऐकू यायची. एकदा, थांबून दुसऱ्यांदा. पहिल्या महिन्यात शशिधरराव धावत वर जायचे. वर काही नसायचं, घडी न मोडलेली चादर असायची. मग त्यांनी वर जाणंच सोडलं. ते दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपू लागले आणि सकाळी दोन कप घेऊन जिन्याच्या पायथ्याशी उभे राहू लागले. त्यांना भीती वाटायची हे खरं, पण आवाज थांबेल याची भीती त्याहून जास्त वाटायची.

मुलगी अनुष्का लंडनजवळ एजवेअरला राहायची. तिला आवाजाचं माहीत नव्हतं, सोफ्याचं कळलं. ती कार्डिफमध्ये जन्मलेली, तिचं मराठी तिच्यासारखंच घाईत असायचं. "बाबा, तुम्ही इथे एकटा नाही राहू शकत. हा घर विकू या. माझ्याकडे या." शशिधररावांना आधी बायको आठवली. घर विकलं आणि ही सकाळी उठली तर? खाली येऊन कोणाला हाक मारील?

शेवटी सौदा ठरला. आईच्या ट्रिपची तिकिटं काढलेली होतीच, बाबांनी एकट्यानं सिडनी करून यावी. "तुम्ही हे मॅनेज केलं ना, तर मी एजवेअरचा नाव पण नाही काढणार. प्रॉमिस. पण नाही जमलं, तर क्रिसमसच्या आधी घर मार्केटवर." अनुष्का शब्दाची पक्की, हे बापाला ठाऊक होतं. घर राखायचं तर सिडनीला जाऊन येणं भाग होतं.

ते हीथ्रोपर्यंत गेलेही. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट घेऊन हसून विचारलं, "एकटेच निघालात का?" शशिधररावांच्या तोंडून निघून गेलं, "नाही, बायको आहे." ती मुलगी वाट पाहत राहिली. शशिधररावांनीही मागे वळून पाहिलं, कारण बाई नेहमी डाव्या हाताला, दोन पावलं मागे, पर्समध्ये काहीतरी शोधत असायच्या. मागे एक कुटुंब ट्रॉली घेऊन खोळंबलं होतं. मग त्यांना आठवलं की बायको घरी आहे, एकटी, आणि घर बंद करून आपण अर्ध्या जगापलीकडे निघालोय. त्यांनी पासपोर्ट परत मागून घेतला आणि कार्डिफची कोच बस पकडली.

आता सिडनी घरी बसून करणं आलं. पण शशिधरराव पडले शिस्तीचे. त्यांनी ठरवलं की वहीतली एक ओळही गाळायची नाही. पहिल्या दिवशी वहीत ऑपेरा हाऊस होतं, म्हणून ते कार्डिफच्या खाडीवर, म्हणजे बेवर जाऊन मिलेनियम सेंटरच्या तांबूस घुमटासमोर उभे राहिले आणि वहीत लिहिलं होतं तसं "आधी लांबून, मग जवळून" बघितलं. दुसऱ्या दिवशी मॅन्लीला जाणारी फेरीबोट होती. वहीत सूचना होती, "जाताना उजवीकडे बसावे, पूल दिसतो." ते बेमधल्या वॉटरबसमध्ये उजवीकडे बसले आणि डावीकडची जागा पिशवी ठेवून अडवली. पूल कुठला दिसायला? पण मानेजवळ अगदी स्पष्ट आवाज आला, "अहो, बघताय ना?" शशिधरराव मोठ्यानं "हो" म्हणाले. समोरची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

रोज सकाळी अकराला, म्हणजे तिकडची रात्र धरून, ते मोबाइलवरून अनुष्काला फोन करायचे. महाग पडतो म्हणून तिनं उलट करायचा नाही, असं बजावून ठेवलं होतं.

"ब्रिज बघितली का, बाबा? आणि फेरी कसा होता?"

"झकास. वारा फार होता गं." वारा कार्डिफलाही होताच, तेवढं खरं बोलल्याचं त्यांना समाधान.

तिसऱ्या दिवशी बोटॅनिक गार्डन्स होत्या, म्हणून ते रोथ पार्कच्या तळ्यावर गेले. बाईंनी लिहिलं होतं, तिथे झाडांना वटवाघळं लटकतात, घाबरू नये. इथे बदकं होती. ती बघत असताना पाठीमागून सिस्टर बेवन आल्या. वीस वर्षं त्यांच्याबरोबर एकाच ऑपरेशन थिएटरात काढलेली बाई, निवृत्त होऊन वेल्समध्येच लांब कुठे गेली होती. तिला काही ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं, "आणि प्रमो कुठाय?"

शशिधररावांनी पाहिलं, तळ्याकाठच्या बाकावर पाठमोरी एक बाई बसली होती, राखाडी कोटातली. "पाय दुखतात तिचे," ते म्हणाले. "बसलीय तिथे."

सिस्टरनं हात उंच करून हाक मारली. बाकावरच्या बाईनं थोडी मान वळवली आणि हात हलवला. चेहरा दिसला नाही. सिस्टर खूश होऊन, निरोप देऊन निघून गेल्या. शशिधरराव तिथेच खिळून राहिले. कोणीतरी परकी म्हातारी असणार, सौजन्यानं हात हलवला असणार, हे त्यांना समजत होतं. पण जवळ जाऊन खात्री करून घेण्याची छाती झाली नाही. तळ्याला उलटा वळसा घालून ते घरी आले.

आठव्या दिवसाच्या भागावर तिथी होती संकष्टी चतुर्थी. ही चतुर्थी बाईंची. दिवसभर उपास आणि चंद्र दिसला की नैवेद्य दाखवून जेवायचं. आता कार्डिफच्या आभाळात चंद्र दिसायचा म्हणजे मोठं संकट. ढग जातील तर कार्डिफ कसलं! मग बाईंनी आपली सोय काढली होती. चंद्रोदयाची वेळ झाली आणि मागच्या अंगणातून काही दिसेना, की त्या एजवेअरला फोन लावायच्या, "अनुष्का, तिकडे दिसला का गं?" पोरगी फोन घेऊन बाहेर जायची, मान वर करून बघायची आणि "दिसला" म्हणायची. लेकीनं पाहिला तो आपण पाहिला, असा बाईंचा हिशेब होता. अनुष्काच्या घरच्या फोनवर कार्डिफचा नंबर लागला की बारीक पडद्यावर "आई" असं नाव उमटायचं, ते शशिधररावांनी स्वतः पाहिलं होतं. फेब्रुवारीनंतर ते नाव बदललं नव्हतं.

बाई गेल्यापासून संकष्टी शशिधरराव करत होते. उपास त्यांना झेपत नव्हता, पण ती उठली आणि मोडलेला दिसला तर, म्हणून करत होते. ढग असले तर पंचांगातली वेळ बघून जेवायचे. अनुष्काला फोन त्यांनी कधी केला नव्हता. वहीत त्या दिवसाखाली लिहिलं होतं, "तिथे चंद्र उशिरा. हॉटेलात दहीभात. अनुष्काला विचारता येणार नाही, तिच्याकडे उजाडलेले असेल. चुकल्यासारखे वाटेल."

सकाळी अकराच्या फोनवर त्यांनी सगळं नीट सांगितलं. इथे चंद्र यायचाय, थांबलोय, भूक लागलीय. मग दिवसभर ते आठव्या दिवसाची सिडनी पायी हिंडले. उपाशीपोटी, बोचऱ्या वाऱ्यात, कार्डिफशेजारच्या पेनार्थच्या धक्क्यावर. आदल्याच दिवशी घड्याळं तासभर मागे गेली होती, त्यामुळे पाच वाजता अंधार पडला. घरी येऊन त्यांनी वरणभात केला आणि एक ताट वाढलं. डोकं हलकं झालं होतं. साडेसहाला मागच्या अंगणात जाऊन पाहिलं तर आभाळ गच्च होतं.

"अहो, पोरीला विचारा ना," मानेजवळ आवाज आला. तो नेहमीइतकाच साधा होता.

शशिधरराव आत आले, किटलीची टोपी बाजूला केली आणि फोन लावला. पलीकडे उचलला गेल्याचं कळलं तसं ते म्हणाले, "दिसला का गं तिकडे?"

त्यांचा आवाज दिवसभराच्या थंडीनं बसला होता, जेमतेम कुजबुज निघाली. मग अनुष्का, बँकेत माणसं हाताखाली असलेली बत्तीस वर्षांची अनुष्का, पाच वर्षांच्या पोरीच्या आवाजात म्हणाली, "आई?"

आपण काय केलं ते शशिधररावांना आत्ता कळलं. बाप सिडनीत, घर बंद, आणि बंद घरातून चंद्रोदयाला आईचा फोन. अजून वेळ गेली नव्हती. गुपचूप फोन ठेवला असता तर सिडनी शाबूत राहिली असती, घर राहिलं असतं, सकाळचा खोकला राहिला असता. पण मग तिकडे पोरगी जन्मभर त्या फोनपाशी बसून राहिली असती, जसे ते जिन्यापाशी उभे राहत होते. हे भोगणं काय असतं ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. आपल्या लेकराला ते द्यायचं त्यांच्यानं होईना.

"नाही गं," ते म्हणाले. "मी आहे. बाबा. मी गेलोच नाही सिडनीला."

अनुष्का रडायला लागली. ते थांबवायला म्हणून शशिधरराव बोलत सुटले आणि बोलता बोलता वॉटरबस, रोथ पार्क, पलंगाची करकर, सगळं बाहेर पडलं. शेवटी तो तासही पडला. "ती झोपलीय असं वाटलं मला. मी तिला उठवलं नाही, अनुष्का. मी खाली पेपर वाचत बसलो."

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. पावलं वाजली.

"दिसला, बाबा," अनुष्का म्हणाली. नाक चोंदलेलं होतं. "छपराच्या वर आलाय. आता तुम्ही जेवा. फोन नका ठेवू."

फोन कानाशी धरूनच त्यांनी नैवेद्य दाखवला आणि पहिला घास घेतला. वरणात मीठ नव्हतं. ते तसंच जेवले आणि ती तिकडून ऐकत राहिली.

"मी येते," ती म्हणाली. "आत्ता निघते. दहापर्यंत पोचीन."

"न्यायला?"

"त्याचं नंतर बघू. वहीत अजून तीन दिवस आहेत ना? उद्या काय आहे?"

शशिधररावांनी वही ओढली. "ब्लू माउंटन्स. सकाळी सातला निघायचं, असं लिहिलंय तिनं."

"मग मला सहाला उठवा. खालून हाक नका मारू, मला ऐकू नाही येत. वर येऊन हलवून उठवा. उठवाल ना?"

"उठवीन," शशिधरराव म्हणाले. "नक्की उठवीन."

त्यांनी फोन ठेवला, टोपी किटलीवर घातली आणि पोरीच्या खोलीतला दिवा लावायला जिना चढून वर गेले.