प्रेसखालची पोकळी

कारखान्यात तिला सगळे ताईच म्हणत. वयाने मोठे फिटरसुद्धा. तेवीस वर्षांपूर्वी ती पॅकिंगमध्ये लागली, तेव्हा बायकांनी फक्त खोके बांधायचे असा शिरस्ता होता. एक दिवस मोठ्या प्रेसवरचा माणूस नोकरी सोडून गेला आणि ही सरळ फोरमनसमोर जाऊन उभी राहिली.

"मला शिकवा."

फोरमन हसला. "चारशे टनांचा प्रेस आहे बाई, शिलाई मशीन नाही."

"बोट सुईखालीही जातंच की," ती म्हणाली.

महिन्याभरात ती प्रेसवर उभी राहिली आणि मग तिथून हललीच नाही. कपडे धुण्याच्या यंत्राच्या बाजूचे पत्रे त्या प्रेसवर निघत. सपाट पत्रा आत सरकवायचा, दोन हातांनी दोन बटणं दाबायची, धाडकन आवाज, की वळणं पडलेला पत्रा बाहेर. दिवसाला नऊशे. घरी दार लावतानाही तिचा हात जड पडायचा. नवरा ओरडायचा, "अगं, दार आहे ते, पत्रा नाही!"

नवरा त्याच कारखान्यात प्लंबर होता. पाण्याच्या सगळ्या लायनी त्याच्या हाताखालच्या. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला, तसा तो निवृत्त होऊन घरी बसला. बसला म्हणजे काय, स्वयंपाक त्याच्याकडे आला आणि इमारतीतला प्रत्येक गळका नळही.

त्याच सुमारास कारखान्यात डिजिटलचं वारं शिरलं. एक तरुण इंजिनियर मुलगी आली. तिच्या काखेत कायम लॅपटॉप, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिचं नाव लॅपटॉपवाली पडलं. तिने प्रत्येक मशीनला काडेपेटीएवढे सेन्सर चिकटवले. दप्तरखान्यातले जुने नकाशे, दुरुस्तीचे कागद, नोंदवह्या सगळं स्कॅन करून घेतलं. आणि काचेच्या नव्या खोलीत भिंतभर स्क्रीन लावून तिने सगळ्यांना बोलावलं.

स्क्रीनवर अख्खा कारखाना होता. ताईने आपला प्रेस शोधला आणि तिचा हात तोंडावर गेला. जेवणाच्या सुट्टीत बदली माणूस प्रेस चालवत होता, आणि तिकडे धाडकन झालं की इकडे चित्रातला प्रेस त्याच क्षणी खाली येत होता.

"अगंबाई! हे तर माझंच!"

"हा त्याचा जुळा भाऊ, ताई," लॅपटॉपवाली म्हणाली. "डिजिटल ट्विन म्हणतात. खऱ्या मशीनने कसं वागायला हवं, ते हा हिशेबाने सांगतो. खरं मशीन वेगळं वागलं, की इथे लाल होतं."

"म्हणजे चहाडखोर भाऊ," मागून एक फिटर म्हणाला आणि सगळे हसले.

तिसऱ्या महिन्यात ताईचा प्रेस लाल झाला.

मागचा डावा पाय किंचित खाली जात होता. केसाएवढा, मग दोन केसांएवढा. सेन्सर बिघडला असेल म्हणून बदलला. नवा सेन्सरही तेच सांगू लागला. मॅनेजर साहेब स्वतः खाली आले. प्रेसभोवती एक चक्कर मारून ताईजवळ थांबले.

"ताई, सेन्सरला कुणी हात लावतं का?"

"नाही साहेब."

"पत्रे एका वेळी दोन-दोन तर सारत नाही ना? काही लोकांना ही नवी पद्धत नकोय, मला माहीत आहे."

तिच्या कानशिलापर्यंत आग गेली. तेवीस वर्षांत तिच्या हातून एक बोट गेलं नव्हतं, ना तिचं ना कुणाचं. तिने पुढचा पत्रा उचलला आणि आत सरकवला.

दुपारी लॅपटॉपवाली आली आणि खोक्यावर बसली. "ताई, साहेब म्हणाले त्यावर माझा विश्वास नाही. तुम्हाला काही जाणवलंय का? कितीही बारीक असू दे."

ताई विचार करू लागली. पान्याचं आठवलं. ती उभी राहायची त्या लाकडी फळीवर पाना ठेवला, की तो डावीकडे घरंगळत जायचा. आधी जात नव्हता. वर्षभरापूर्वी तिने फळीखाली पुठ्ठ्याची घडी सारली होती. मग आणखी एक घडी. कंबर डावीकडून दुखायची, ते वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं.

सांगता सांगता तिचा आवाज बारीक झाला. लॅपटॉपवालीने लिहिणं थांबवलं. दोघींनी एकाच वेळी खाली जमिनीकडे पाहिलं.

"साहेबांना सांगते," मुलगी म्हणाली आणि पळाली.

काचेच्या खोलीतून मॅनेजरचा आवाज खालपर्यंत येत होता. ऑर्डर शुक्रवारी जायची आहे, पुठ्ठ्याच्या घडीवरून चारशे टनांचा प्रेस बंद करायचा का, वगैरे. ताईने तो शब्दन् शब्द ऐकला. मग तिने हात उंच करून लाल बटण दाबलं आणि फळीवरून खाली उतरली.

प्रेस थांबला, तसे शेजारचे लोकही थांबले. ताईने स्वतःहून प्रेस बंद केल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"ताई!" मॅनेजर जिन्यावरून उतरत ओरडले. "कुणाला विचारून?"

"साहेब, इथे एक भोक पाडून बघा. काही नसेल तर मी राजीनामा देते."

ड्रिल आलं. ती उभी राहायची तिथली फळी बाजूला केली आणि फिटरने जमिनीत ड्रिल घातलं. काँक्रीटचा भुगा वर येऊ लागला. एक वीत झाली. एक फूट झाला. आणि अचानक ड्रिल त्याच्या हातातून निसटल्यासारखं खाली गेलं. फिटर जमिनीवर पालथा आपटला. उठला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"खाली काही नाहीये," तो म्हणाला.

वायरला बांधून कॅमेरा खाली सोडला. लॅपटॉपवर आधी अंधार दिसला, मग पाण्याची चमक, मग भिंती. ओल्या मातीच्या भिंती. त्या जमिनीखाली माणूस ताठ उभा राहील एवढी खोली झाली होती. प्रेसच्या पायाचा मागचा कोपरा निम्मा अधांतरी लोंबत होता.

मागचे लोक एकेक पाऊल मागे सरकू लागले, अगदी हळू, जणू जोरात पाऊल टाकलं तर आत्ताच कोसळेल. ताई मात्र जागची हलेना. शेवटी लॅपटॉपवालीने तिचा दंड धरून तिला ओढलं. त्या एक फूट काँक्रीटवर ती दिवसाला नऊशे वेळा चारशे टन आपटत होती.

दोन दिवस खोदकाम चाललं. एक जुना लोखंडी पाईप सापडला, उघड्या तोंडाचा, मागचा व्हॉल्व्ह गंजून सैल झालेला. त्यातून करंगळीएवढी धार वाहत होती. कारखान्याची स्वतःची विहीर, त्यामुळे पाणी कमी झाल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. वर्षानुवर्षं ते पाणी माती धुवून मागच्या गटारात नेत होतं.

"पण माझ्याकडे ही लाईन बंद दाखवतेय," लॅपटॉपवाली म्हणाली. काचेच्या खोलीत मॅनेजर, फोरमन आणि ताई तिच्यामागे उभे होते. "एकोणीस वर्षांपूर्वीचा कागद आहे. ट्विनमध्ये मी तोच भरला. थांबा, दाखवते."

भिंतभर स्क्रीनवर तो पिवळा कागद उमटला. लाईन बंद केली. तोंडाला टोपी बसवून घट्ट केली. खाली सही.

त्या सहीचं शेवटचं अक्षर शेपटीसारखं वर वळलं होतं. ताईने ते अक्षर लग्नाच्या नोंदणीवर पाहिलं होतं, विजेच्या बिलांवर पाहिलं होतं.

"ओळखता का कुणी?" मुलीने सहज विचारलं.

फोरमनने ताईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ताई जिना उतरून गेली, कपडे न बदलता, तशीच.

घरी नवरा भाजी चिरत होता. "आज लवकर? काय सुट्टीबिट्टी दिली का तुमच्या जुळ्या भावाने?"

"प्रेसमागची जुनी लाईन तुम्ही बंद केली होती?"

"कुठली?" तो आठवू लागला. "हां, ती. नवी टाकली तेव्हा."

"टोपी बसवली होती?"

सुरी थांबली.

"स्टोअरमध्ये त्या मापाची टोपी नव्हती," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह घट्ट आवळला होता. सुपरवायझर म्हणाला, सही कर, उत्पादन अडलंय, टोपी उद्या बसव. मी सही केली. माती ओढली त्याच दिवशी..." तो थांबला. "का? काय झालं?"

तिने सांगितलं. ड्रिल, कॅमेरा, ती खोली. ऐकता ऐकता तो खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "तू तिथेच उभी होतीस."

"मग कुठे उभी राहणार?"

"तिथेच. एवढी वर्षं." तो उठला, परत बसला. आणि मग त्याने डोळे विस्फारून तिच्याकडे पाहिलं. "अगं, एक नव्हती. दोन होत्या. दुसरीलाही टोपी नव्हती."

"कुठे?"

"पॅकिंगखाली."

पॅकिंगमध्ये चाळीस बायका बसत.

चिरलेली भाजी तशीच ठेवून तो लंगडत तिच्याबरोबर निघाला. मॅनेजरच्या दारात उभा राहून, टोपी न बसवता सही केली असं त्याने चार वाक्यांत सांगितलं. मॅनेजर चिडायचेही विसरले. अर्ध्या तासात पॅकिंग रिकामं झालं. बायका आवारात उभ्या राहिल्या, कुणाच्या हातात चिकटपट्टी तशीच. भिंतीपासून नऊ पावलं मोजून तो म्हणाला, "इथे पाडा." ड्रिल पुन्हा एकदा निसटलं. पोकळी लहान होती, दोन पिंपं मावतील एवढी, पण होती. स्क्रीनवर पॅकिंगची जमीन आजही हिरवीच दिसत होती, कारण तिथे सेन्सर लावण्यासारखं मशीनच नव्हतं. पॅकिंगमधली सगळ्यांत जुनी बाई मटकन जमिनीवर बसली आणि लगेच, चटका बसावा तशी, उठून उभी राहिली.

त्याच्यावर कारवाई झाली नाही. तो निवृत्त होता आणि तो सुपरवायझर कधीच वारला होता. मॅनेजरने लेखी जबाब घेतला आणि मग विचारलं, कागदात आणि जमिनीत आणखी कुठे कुठे फरक आहे ते दाखवाल का? पंधरा दिवस तो काठी टेकत लॅपटॉपवालीबरोबर कारखानाभर फिरला. कागदावर जे होतं आणि जमिनीखाली जे नव्हतं, ते ती खुणा करत गेली. मॅनेजरने ताईची माफी मागितली, चारचौघांत. ती "बरं" म्हणाली.

घरी आठ दिवस ती कामापुरतंच बोलली. नवव्या दिवशी जेवताना तिने विचारलं, "रोज तुम्ही मला डबा द्यायला प्रेसपाशी यायचात. तेव्हा एकदाही आठवलं नाही?"

"नाही."

"खरं सांगा."

"खरंच नाही आठवलं. दुसऱ्या दिवशी बॉयलरचा पाईप फुटला, तिकडे धावलो आणि ते डोक्यातून साफ गेलं. आठवून लपवलं असतं, तर तुला निदान भांडता तरी आलं असतं."

तिने भांडायचीच तयारी केली होती. त्याने लपवलं असेल, घाबरला असेल, असं धरून ती आठ दिवस मनात बोलत होती. नुसत्या विसरण्याला त्यातलं एकही वाक्य लागू पडत नव्हतं. ती ताट उचलून मोरीत घेऊन गेली.

साडेतीन महिन्यांनी प्रेस नव्या पायावर उभा राहिला. सगळे जमले होते. ताई फळीवर चढली, पत्रा सारला, दोन्ही बटणं दाबली. धाडकन. दुसरा. तिसरा. अकरावा पत्रा तिने उचलला, परत ढिगावर ठेवला आणि ती खाली उतरली.

"माझ्याने नाही होत," ती फोरमनला म्हणाली. कुणी हसलं नाही.

आता ती भिंतीकडच्या तपासणीच्या टेबलावर असते. पत्रे तिच्यासमोर येतात, ती कडेवरून बोट फिरवते, वाकडा असेल तो बाजूला काढते. नवऱ्याला जमिनीखालच्या लायनी तपासायला कंपनी दर मंगळवारी बोलावते, म्हणून मंगळवारी दोघं एकाच बसने जातात. बोलतात. पूर्वीपेक्षा कमी, पण बोलतात.