खांदा बदलल्यानंतरचे दोन हंगाम

आमच्या कुरखेड्याकडे कापलेल्या धानाचे भारे शेतातल्या बांधीतून खळ्यावर यायचे ते कावडीनं. त्यामुळे ज्याच्या खांद्यावर घट्टा नाही तो माणूस आळशी, असं आम्ही धरूनच चालायचो. माझ्या थोरल्या भावाच्या उजव्या खांद्यामागचा घट्टा गावात सगळ्यात मोठा. मी सातवी पास होऊन मास्तर झालेलो, गुळगुळीत खांद्याचा. त्याच्या घट्ट्याचा मला उगाच अभिमान होता.

तो लिंबाएवढा झाला तेव्हा वहिनी म्हणाली, "भाऊजी, याईले दवाखान्यात न्या ना."

"दुखते का?" मी भावाला विचारलं.

"नाई."

"मंग कायले भेता? खांदा बदल भाऊ, आपोआप बसते."

वजन थांबलं की घट्टा बसतो, हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक. भावानं कावड डाव्या खांद्यावर घेतली. एक हंगाम गेला, दुसरा गेला. डावीकडे नवा घट्टा आला, उजवीकडचा मात्र वाढतच राहिला. वहिनी तेल लावताना तो बोटांनी मापायची आणि माझ्याकडे बघायची. मी तिची नजर चुकवायचो. मला भीती वाटू लागली होती, पण ती कबूल करायची लाज वाटे. शेवटी मीच त्याला नागपूरला नेलं.

डॉक्टरांनी आधी डावा घट्टा चिमटीत धरला. तो कातडीसकट हलला. उजवा जागचा हलेना. "हा कातडीचा नाही, हाडातून आलाय," ते म्हणाले. एक्स-रे झाला, तुकडा काढून तपासायला गेला. ते सगळे दिवस आम्ही धर्मशाळेत काढले. मग कळलं, हाडाचा कॅन्सर. क्वचित होणारा, सावकाश वाढणारा.

सावकाश म्हटल्यावर मला केवढं हायसं वाटलं!

डॉक्टरांनी ते ओळखलं असावं. "सावकाश म्हणजे साधा नव्हे. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो, कॅन्सर थांबत नाही. औषधानं जायचा नाही. जीव वाचवायचा तर आता खांद्यासकट हात काढावा लागेल."

भाऊ बराच वेळ उजव्या हाताची बोटं मिटत-उघडत बसला. मग म्हणाला, "साहेब, दोन साल आधी आलो असतो तं हात वाचला असता का?"

"बहुतेक वाचला असता."

मी शेजारीच उभा होतो. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बाहेर आल्यावर भाऊ हळूच म्हणाला, "हे तुह्या वहिनीले सांगू नोको. ती तुले माफ नाई करनार."