गाळमास्तरची विसावी बरणी

आमच्या दादाला सगळं गॅरेज गाळमास्तर म्हणतं. मी त्याची धाकटी बहीण, मी तर तोंडावर म्हणते. तापलेली गाडी आली की हा आधी ती गार होऊ देतो, मग रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट फिरवतो. तांबूस लागलं तर गंज, पांढरं लागलं तर नळाच्या पाण्याचा क्षार, बुळबुळीत लागलं तर दोन जातींची कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारी रंगीत पाणी, एकत्र केलेली. मग गिऱ्हाइकाची अशी खरडपट्टी काढतो की बिचारा स्वतःच्याच गाडीची माफी मागेल. वर तो गाळ बरणीत भरून, चिठ्ठी डकवून फळीवर मांडतो. ‘नळाचं पाणी’. ‘सात वर्षं बदललंच नाही’. ‘मेव्हण्याचं ऐकलं’. अशा एकोणीस बरण्या! वहिनीला डाळ ठेवायला घरात एक बरणी उरलेली नाही.

पंधरा वर्षं घरात पोरं सांभाळून मला इस्पितळातल्या नोंदणीच्या खिडकीवर मुलाखतीचं बोलावणं आलं. पुढच्या महिन्यात वयाची अट संपत होती, म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. दादा म्हणाला, “बसबिस काही नको. मी सोडतो.”

अर्ध्या वाटेत दादाच्या गाडीचा तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ.

“उघड ना ते झाकण!”

“तोंड भाजून घ्यायचंय? गार होऊ दे.”

चाळीस मिनिटं! इस्त्रीच्या कपड्यांत मी रस्त्यावर हात दाखवून दमले, एक मेला थांबेल तर शपथ. शेवटी दादाने चिंध्या धरून झाकण उघडलं, बोट घातलं. बोटाला भिजलेल्या साबणासारखा तपकिरी लगदा.

“हे काय रे?”

“गिऱ्हाइकांच्या कूलंटच्या उरलेल्या बाटल्या,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “हिरवं, लाल, गुलाबी. टाकवत नव्हतं गं, ओतत गेलो.”

जगाला अक्कल शिकवणारा माझा भाऊ! मी त्याला भर रस्त्यात जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. कडेने जाणारा एक सायकलवाला मात्र लगेच थांबला, ऐकायला.

पाणी भरून रखडत पोचलो तेव्हा मुलाखती आटोपून साहेब निघून गेले होते. शिपायाने पाणी दिलं, तेवढंच. घरी येऊन मी मनसोक्त रडले. आठवडाभर दादाशी एक शब्द बोलले नाही.

मग त्याचा डबा द्यायला गॅरेजात जावं लागलं. एक टॅक्सीवाला शिव्या खात उभा होता. त्याने दोन रंग मिसळले होते. शिव्या ओसरल्यावर त्याने फळीवरच्या विसाव्या, बिनचिठ्ठीच्या बरणीकडे बोट दाखवलं.

“ही कुणाची, मास्तर?”

मला वाटलं, आता काहीतरी थाप ठोकेल. दादाने बरणी उचलली, पुसली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “माझी. हिची नोकरी आहे त्यात.”