बारा वेळा 'करू की'

एप्रिलचा दुसरा रविवार. सकाळपासून कूलरचं जुनं गवत काढून नवं भरतेय. दरवर्षी हे काम माझे धाकटे दीर करायचे. नीट चाललेली गोष्ट थांबवून 'हे असंच का?' असं विचारणारा त्यांच्यासारखा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नसेल.

मोडनिंबच्या शाळेत ते नऊ वर्षं गणित शिकवायचे. जाऊन-येऊन एसटी, आणि डोकं सतत दुसऱ्यांच्या कामात. मधल्या सुट्टीत नळावर रांग का लागते, यावर त्यांनी मुख्याध्यापकांना चार पानं लिहून दिली होती. चुलतबहिणीच्या लग्नात पंगत दोन्ही टोकांनी वाढली तर वेळ वाचेल, हे त्यांनी वाढप्यांना पटवलं. वेळ वाचला खरा, पण भातवाला आणि वरणवाला मधोमध समोरासमोर आले तेव्हा निम्म्या पानांत नुसता भात होता आणि निम्म्यांत नुसतं वरण. माझ्या स्वयंपाकघरातले डबे त्यांनी एकदा वापराप्रमाणे लावले, त्यात हिंग माळ्यावर गेला. मला म्हणाले, "वहिनी, हिंग दिवसातून किती वेळा लागतो?" मी म्हटलं, "एकदाच. पण तेव्हा फोडणी जळत असते." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

चौतिसाव्या वर्षी त्यांनी शाळेचा राजीनामा दिला आणि पुण्याला मॅनेजमेंट कन्सल्टिंगच्या एका कंपनीत लागले. हे काम काय असतं, असं सासूबाईंनी विचारलं. दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन काय चुकतंय ते सांगायचं, असं त्यांनी समजावलं. सासूबाई म्हणाल्या, "ते तर तू घरबसल्या करतोस की." मी मात्र हसले नाही. पर्मनंट नोकरी सोडून सहा महिन्यांच्या बोलीवर जाणं मला मुळीच पटलं नव्हतं आणि मी ते तोंडावर सांगितलं. सहा महिन्यांनी कायम केलं नाही तर शाळेतली जागा भरलेली असणार. त्यांच्यावरचा साहेब सत्तावीस वर्षांचा. तो भावजींना एकेरी नावानं हाक मारायचा आणि ते सवयीनं उठून उभे राहायचे.

पाचव्या महिन्यात त्यांना काम मिळालं ते इथल्याच एका टॉवेलच्या कारखान्याचं. मुक्काम आमच्याकडे. मालक विणकर घराण्यातले, वयस्कर, फार अदबीचे. कंपनीनं बारा सूचना काढल्या. त्यातली पहिलीच, घडी घालणाऱ्या आणि माल तपासणाऱ्या बायकांचं खातं बंद करून मशीन आणा, अशी होती. मालक प्रत्येक सूचना शांतपणे ऐकायचे आणि म्हणायचे, "करू की." साहेब दिल्लीकडचा. त्यानं बारा वेळा 'मान्य' लिहिलं.

कंपनीच्या मोठ्या साहेबांसमोर बैठक होती, त्याच्या आदल्या संध्याकाळी भावजी ताटावर नुसते बसून होते. म्हणाले, "वहिनी, मालक एकदाही हो म्हणालेले नाहीत." आपल्याकडे 'करू की' कशाला म्हणतात, हे मला कुणी सांगायला नको होतं. समोरच्याचा अपमान न करता नाही म्हणायचं असलं की आपण तेच म्हणतो. पण सहा महिने पुरे व्हायला पंधरा दिवस राहिले होते. मी त्यांना स्वच्छ सांगितलं की आत्ता गप्प बसा, कायम झालात की मग काय शहाणपण करायचं ते करा. त्यांनी मान हलवली. ती मान होकाराची आहे असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी भर बैठकीत त्यांनी मालकांना विचारलं, "करू की म्हणजे कधी, मालक?"

 मालक म्हणाले, "न्हाई करायचं, मास्तर. त्या बायकांच्या हाताला सूत कळतं. तुमच्या मशीनला कळतंय का?"

त्यानंतर म्हणे पहिल्यांदाच खरं बोलणं झालं. बारातल्या दोन सूचना मालकांनी मनापासून घेतल्या आणि दहा खोडल्या. घडीच्या बायका राहिल्या. त्याच संध्याकाळी साहेब त्यांना घेऊन पुण्याला परतला.

आज गवत भिजत घातलं होतं तेव्हा त्यांचा फोन आला. कायम केलं नाही. कारण दिलंय की तुम्ही कंपनीपेक्षा गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलता. आवाज अगदी नेहमीसारखा होता. मी शाळेचं विचारायच्या आत म्हणाले, "मास्तरकी परत नाही, वहिनी. काम हेच करणार. दुसरीकडे अर्ज टाकलेत." तुमचं ऐकलं असतं तर, असं ते म्हणाले नाहीत. मीही 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही, आणि मला ते जमलं याचं माझं मलाच नवल वाटलं. जाळी बसवताना एक खिळा वाकला, तो मी तसाच ठोकला.

हे काल लिहिलं. आज सकाळी लक्ष्मी मंडईत मेथी घेताना आमच्या गल्लीतल्या एक बाई भेटल्या. धाकटे दीर दिसत नाहीत बरेच दिवस, काय करतात हल्ली, म्हणून विचारलं. आजवर मी कुणालाही 'असतात पुण्यात' एवढंच सांगत आले. आज हातातली जुडी खाली ठेवली आणि म्हटलं, "कन्सल्टंट आहेत. कारखान्यांना सल्ला देतात." त्यांनी विचारलं, जमतं का त्यांना ते काम? मी म्हटलं, "चांगलं जमतं." आणि मेथी घेऊन घरी आले.