कॉम्प्युटरवरची करंजाची फांदी

मला कोणी तोंडावर म्हातारा म्हटलं तर मी ऐकून घेतो. पण गाडीला भंगार म्हटलेलं ऐकून घेत नाही.

नवीन पनवेलात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर कॉम्प्युटरचं एक दुकान आहे. माझा कॉम्प्युटर रिक्षात मांडीवर घेऊन मी तिथे गेलो. दुकानदार पोरगेलाच, तिशीचाही नसेल. त्याने झाकणसुद्धा उघडलं नाही. बाहेरून एकदा बघितलं आणि म्हणाला, "काका, हे फेकून द्या. नवीन घ्या."

मी म्हटलं, "न उघडता कळलं?"

"मॉडेलवरून कळतं, काका. दहा वर्षांपूर्वीचं आहे."

"मी सत्तरीच्या पुढचा आहे. माझं काय करायचं?"

तो हसला. मी काही हसवायला बोललो नव्हतो. कॉम्प्युटर पुन्हा मांडीवर घेतला आणि त्याच रिक्षाने घरी आलो.

कॉम्प्युटर नातीचा. खारघरच्या कॉलेजात असताना तिने पोरांच्या शिकवण्या घेऊन स्वतःच्या पैशाने घेतला. साधा नाही, गेम खेळण्याचा. एका बाजूला काच, आत लाल दिवे, पंखे फिरायला लागले की दसऱ्याला सजवलेल्या ट्रकसारखा दिसतो. नोकरीसाठी ती हैदराबादला गेली तेव्हा म्हणाली, "आजोबा, हा तुम्हाला." टेबलाला स्टिअरिंग बसवून दिलं, खाली तीन पेडल लावून दिली आणि ट्रक चालवायचा एक गेम शिकवून गेली. रस्ते परदेशातले, पण चढ तो चढ आणि उतार तो उतार.

मी जन्मभर बंदरातून कंटेनर ओढले. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं रस्त्यावर. छातीत जाळी बसवली तेव्हा मुलाने मला न विचारता ट्रेलर विकला. मी दवाखान्यातून घरी आलो तर चावी ठेवायच्या खिळ्यावर देवाची माळ लटकत होती. त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही, आणि तो मागतही नाही.

माझ्याकडे एक क्लीनर होता, उरणकडचा कोळ्याचा पोर. होडीवर उलट्या व्हायच्या म्हणून ट्रकवर आला. पुढे स्वतः ड्रायव्हर झाला आणि वर्षानुवर्षं आमच्या दोन गाड्या एकामागे एक चालल्या. मला आजही उस्ताद म्हणतो. साखरेच्या आजाराने त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढला. डॉक्टरांना म्हणाला, "क्लचचा पाय गेला, बाकी गाडी चालू हाय." पण तेव्हापासून तो घराबाहेर पडत नाही. लोकांनी बघितलेलं त्याला चालत नाही. त्याच्या मुलाने त्याला नवा कॉम्प्युटर आणून दिला, नातीने फोनवरून काय ते जमवलं, त्याची गाडी बिनक्लचची केली आणि आम्ही दोघं एकाच रस्त्यावर आलो. रोज जेवण झाल्यावर फोन स्पीकरवर टाकायचा, दोन गाड्या काढायच्या आणि संध्याकाळच्या चहापर्यंत हाणायच्या. त्याचं घराबाहेर पडणं म्हणाल तर तेवढंच. माझ्याकडचा कॉम्प्युटर बंद पडला की त्याचंही बाहेर जाणं बंद, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

आणि गेमवाल्यांनी नेमकं तेच आणलं. बरा चाललेला गेम त्यांनी बदलला. कोणी सांगितलं होतं? रस्त्याच्या कडेला आणखी झाडं, झाडांना आणखी पानं. एका सकाळी मशीनने आपोआप नवं सगळं ओढून घेतलं आणि तेव्हापासून गाडी अडकायला लागली. वळणावर चित्र थांबायचं. स्टिअरिंग फिरवलं की ट्रक आधी विचार करायचा आणि मग वळायचा, तोवर मी शेतात. मी ड्रायव्हर आहे, झाडं मोजायला बसलो नव्हतो. त्या पानांपायी माझं इंजिन बसवलं.

मी मागे पडायला लागलो. जन्मात कधी पडलो नव्हतो.

तो स्पीकरवरून विचारायचा, "उस्ताद, दगड लावले का मागे?"

ट्रकवाल्यांची रीत अशी की गाडी रस्त्यात बंद पडली की मागच्या बाजूला थोड्या अंतरावर दगड मांडायचे आणि झाडाची हिरवी फांदी तोडून लावायची. मागून येणाऱ्याला लांबूनच कळतं. गाडी चालू झाली की आधी दगड उचलायचे, मग पहिला गिअर. दगड तसेच टाकून जो जातो त्याला आमच्यात कोणी जेवायला शेजारी बसू देत नाही.

मी म्हणायचो, "दगड तुझ्या डोक्यात लावीन. कुठे पोचलास?"

"हितंच हाय. लघवीला थांबलो."

दुसऱ्या दिवशी म्हणायचा चहाला थांबलो. तिसऱ्या दिवशी, रस्त्यात देऊळ दिसलं म्हणून थांबलो. परदेशातल्या रस्त्यावर त्याला देऊळ दिसत होतं, आणि मी गाडी शेतातून बाहेर काढण्याच्या नादात त्यावर विचार केला नाही.

मुलाला सांगितलं की मशीनचं काम करून घ्यावं लागेल. तो बेलापूरला ऑफिसात असतो, सगळ्याला त्याच्याकडे उत्तर असतं. म्हणाला, "बाबा, या वयात गेमिंग कॉम्प्युटर अपग्रेड कोण करतं? टॅब घेऊन देतो. कीर्तनं बघा, बातम्या बघा."

"मला बघायचं नाही, चालवायचं आहे."

"खेळणं आहे ते, बाबा."

मी ताटावरून उठलो. ज्याच्या शाळेची फी ट्रेलरच्या चाकांवरून आली तो मला खेळणं म्हणजे काय ते शिकवतो.

मग म्हटलं, कोणाला विचारायचंच नाही. गाडी दम धरत नाही, तापते, तर पहिल्यांदा काय बघतात? एअर फिल्टर. काचेतून बघितलं तर पंख्यांवर धुळीचा बोटभर थर. उलव्याकडे विमानतळाच्या कामासाठी इतकी वर्षं डंपर धावतायत, ती धूळ इकडे सगळ्यांच्या घरात आहे, मशीनच्या पोटात का नसेल. कॉम्प्युटर उचलला आणि हायवेच्या कडेला ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे नेला. ट्रकचे फिल्टर आम्ही आयुष्यभर असेच साफ केले, कॉम्प्रेसरची हवा मारून. तो म्हणाला, "चाचा, इसमें भी हवा मारते हैं क्या?" मी म्हटलं, "तू पाइप दे."

हवा मारली. धूळ अशी उडाली की शेजारचा वडापाववाला ओरडला. पंखे विमानासारखे गरगरले. पण कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असतं, ते हवेबरोबर येतं. ट्रकच्या फिल्टरला त्याने काही होत नाही. हे निघालं नाजूक. घरी आणून लावलं तर चालू झालं, पण दहा किलोमीटर गेलं की तापून आपोआप बंद.  

त्यानंतर त्या दुकानात गेलो, आणि फेकून द्या ऐकून परत आलो.

घरी येऊन कॉम्प्युटर जागेवर ठेवला. खाली सोसायटीच्या कुंपणाला करंजाचं झाड आहे, त्याची एक फांदी तोडली, दोन दगड उचलले आणि वर आणून कॉम्प्युटरच्या डोक्यावर मांडले. गाडी बंद आहे तर बंद आहे, सगळ्यांना दिसू दे. सूनबाईने विचारलं, "बाबा, हे काय?" मी म्हटलं, "हात लावायचा नाही."

मग उरणला त्याला फोन केला. "माझी गाडी संपली. दुकानदार भंगार म्हणतो, मुलगा खेळणं म्हणतो. मी आता चालवणार नाही. तू चालव."

तो एवढंच म्हणाला, "बरं, उस्ताद." मला राग आला तो याचाही. दोन शब्द भांडायचं तरी.

आठवडाभर मी कोणाशी धड बोललो नाही. करंजाची पानं सुकून वळायला लागली. मग एका सकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. बाई बाजारात मासळी विकलेली, हळू बोलणं तिला येत नाही.

"भावजी, तुमी काय बोललाव यांना? मशीन लावीत नाय, जेवत नाय. भिंतीकडं तोंड करून पडतान."

"मी काय बोलणार? माझी गाडी बंद आहे. त्याला म्हटलं तू चालव."

"एकटा कशाला चालवील? तुमच्यासाठी तर थांबायचा. दर वळणावर गाडी कडेला लावून बसायचा. मी म्हणायची, जा की पुढं, तर म्हणायचा, उस्ताद येतान मागून."

 पहिल्यांदा काही समजलं नाही. मग लघवी, चहा, देऊळ, सगळं एकदम समजलं. आणि माझं डोकं तापलं. माझ्यासाठी थांबला? ज्याला मी गिअर शिकवला, घाटात ब्रेक न मारता उतरायला शिकवलं, तो माझ्यासाठी कडेला गाडी लावून बसत होता, आणि वर खोटं बोलत होता.

"त्याला दे फोन," मी म्हटलं.

"बोला, उस्ताद."

"माझ्यासाठी थांबत होतास?"

"नाय. चहा घेत होतो."

"गेममध्ये चहा मिळत नाही."

"तुमाला मिळत नाय. मला बायको आणून देते."

"फाजीलपणा करू नकोस. आपल्यात काय ठरलं होतं? बंद पडलेल्या गाडीसाठी थांबायचं. हळू चालणाऱ्यासाठी थांबायचं नाही. ज्याच्यासाठी थांबतोस त्याचा तो अपमान असतो."

तो मग म्हणाला, "मी हास्पिटलात व्हतो तवा तुमी रोज येऊन बसायचाव. मी बोललो का काय?"

"तेव्हा तुझी गाडी बंद होती."

"आता तुमची बंद हाय ना? मग थांबलो. रीतच हाय."

मी फोन ठेवून दिला. माझीच रीत माझ्या गळ्यात घालून हा भिंतीकडे तोंड करून पडणार, आणि उद्या त्याची बायको बाजारभर सांगणार की उस्तादापायी माझा नवरा जेवत नाही. असलं ओझं मी कोणाचं वाहिलं नाही, आणि माझं कोणाला वाहू देणार नाही. फांदी आणि दगड कॉम्प्युटरवरून उचलून टेबलावरच बाजूला ठेवले. गाडी चालू होईपर्यंत दगड टाकून देत नसतात. एक रिकामं पोतं बगलेत मारलं आणि रिक्षा केली.

दुकानदाराने मला ओळखलं. मी त्याला बोलू दिलं नाही.

"माझ्या तीन अटी आहेत. बॉडी हीच राहील. काम माझ्यासमोर होईल. जुने पार्ट या पोत्यात."

"काका, आत कस्टमरला बसू देत नाही."

"मग बाहेर आणून खोल."

त्याने काउंटरवरच खोललं. आत वाकून बघितलं, बोटाने काहीतरी खरवडलं. "आत पाणी कुठून आलं?"

"हवेतून."

"कुठे मारलीत हवा?"

"पंक्चरवाल्याकडे. मग काय देवळात मारू?"

त्याने मान खाली घातली. खांदे हलत होते, पण आवाज येऊ दिला नाही, तेवढी लाज त्याला होती. बराच वेळ एकेक गोष्ट लावून बघितली. मग म्हणाला, "पेटी चांगली आहे. पॉवर सप्लाय चांगला आहे. ग्राफिक्स कार्ड तुमच्या गेमला अजून चालेल. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम नवीन टाकावी लागेल."

"म्हणजे इंजिन."

"हो, इंजिन."

"मग त्या दिवशी सगळं फेकून द्या का म्हणालास?"

"त्या दिवशी उघडलं नव्हतं."

"तेच मी म्हणत होतो."

स्टूलवर बसून राहिलो. त्याने लावलेला प्रत्येक स्क्रू बघितला. एक विसरत होता, तो सांगितला. विसरत नव्हतो म्हणाला, शेवटी लावतात म्हणाला. म्हणू दे. जुना मदरबोर्ड पोत्यात घातला आणि घरी आलो.

मुलगा ऑफिसातून आला, पोतं बघितलं, कॉम्प्युटर बघितला. "यापेक्षा लॅपटॉप घेतला असता, बाबा."

"विचारलं का तुला?"

"नाही."

"मलाही ट्रेलरच्या वेळी कोणी विचारलं नव्हतं."

तो आत गेला. थोड्या वेळाने बाहेर आला आणि स्टिअरिंगची वायर मागे लावायला मला वाकता येत नव्हतं, ती त्याने लावून दिली. माफी नाही, पण लावून दिली.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर नातीने फोनवरून उरलंसुरलं जमवलं. मग उरणला फोन लावला. त्याचा आवाज अजून पडलेलाच होता.

"उस्ताद, झाली का चालू?"

"झाली."

"दगड काढले?"

मी टेबलाकडे बघितलं. फांदी वाळून काडी झाली होती, दोन्ही दगड तिथेच. उठलो, जिना उतरलो आणि ते करंजाच्या बुंध्याशी नेऊन ठेवले, फांदीसकट. वर येईपर्यंत दम लागला. तो फोनवर थांबलेला होता.

"काढले. आता ऐक. पुढे हो, आणि वळणावर थांबलेला दिसलास तर तिकडे उरणला येऊन मारीन."

"या की. कधी येताव?"

"गाडी काढ."

चित्र कुठे अडकलं नाही. झाडं होती, झाडांना पानं होती, असू देत. पहिलाच चढ लागला, मी तिसरा गिअर टाकला, आणि तो डाव्या हाताच्या लेनमधून मला मागे टाकून निघून गेला. वर पोचून पार दिसेनासा झाला. साधा हॉर्नसुद्धा दिला नाही, हरामखोराने.